प्रवाळांचा देश

भारताच्या नैर्ऋत्येला, लक्षद्वीपच्याही दक्षिणेला, हिंदी महासागरात मालदीव नावाचा एक छोटा देश आहे. सुमारे बाराशे लहान लहान बेटे मिळून हा देश झाला आहे. तेथे डोंगर नाहीत, नद्या नाहीत. बहुतेक बेटे समुद्रसपाटीपासून जेमतेम एक-दीड मीटर उंच आहेत. म्हणजे फार तर तुमच्याएवढी!

इ. स. १३४३ च्या सुमारास प्रसिद्ध प्रवासी इब्न बतूता येथे आला. दिल्लीत काजी असलेल्या या विद्वानाला मालदीवमध्येही काजी नेमण्यात आले. तेथील नारळ, सुकवलेले मासे आणि कवड्या यांचे वर्णन त्याने केले आहे. या कवड्या जहाजांतून बंगालला जात आणि तेथे पैसा म्हणून चालत. आपण मात्र अगदी स्वस्त वस्तूला 'कवडीमोल' म्हणतो!

आता मालदीवला विमाने भरभरून माणसे येतात. परदेशी पाहुण्यांसाठी पहिले निवासस्थान तेथे १९७२ साली सुरू झाले. २०२४ मध्ये वीस लाखांहून अधिक पर्यटक आले. देशाची लोकसंख्या पाच लाखांच्या आसपास! निळे पाणी आणि पांढरीशुभ्र वाळू या लोकांना ओढून आणते.

ही वाळू कोठून येते, ठाऊक आहे? प्रवाळ हे समुद्रात राहणारे अगदी छोटे जीव. ते आपल्याभोवती चुन्याचे कवच तयार करतात. अशी कवचे पिढ्यान्पिढ्या एकमेकांवर रचली जाऊन पाण्याखाली खडकांच्या भिंतीच उभ्या राहतात. रंगीबेरंगी पोपटमासे आपल्या चोचीसारख्या दातांनी हे खडक खरवडतात. पोटात गेलेल्या चुन्याचा भुगा होतो आणि तो विष्ठेबरोबर बाहेर पडतो. किनाऱ्यावरची बरीचशी वाळू ती हीच! पर्यटकांना हे कोणी सांगत असेल का, कोण जाणे. लाटांचा जोर अडवणारी भिंतही प्रवाळांचीच असते.

प्रवाळांच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहते व त्यांना अन्न पुरवते. समुद्राचे पाणी नेहमीपेक्षा एक-दोन अंशांनी तापून काही आठवडे तसेच राहिले, की हे शैवाल बाहेर पडते. प्रवाळ पांढरे पडतात आणि बरेचसे उपाशी मरतात. १९९८ साली मालदीवच्या उथळ पाण्यातील बहुतेक प्रवाळ असेच मेले. ते सावरत होते, तोच २०१६ मध्ये पुन्हा तडाखा बसला.

कोळसा आणि तेल जाळल्याने हवेत कार्बन डायऑक्साइड वाढतो, पृथ्वी तापते आणि समुद्राची पातळीही वाढते. १७ ऑक्टोबर २००९ रोजी अध्यक्ष मोहम्मद नशीद यांनी मंत्रिमंडळाची बैठक चक्क समुद्राच्या तळाशी घेतली. हा वायू जगाने कमी करावा, अशा मागणीपत्रावर मंत्र्यांनी पाण्याखालीच सह्या केल्या.

पण पर्यटकांना आणणारी विमानेही तोच वायू सोडतात. बेटांवरील वीजही मुख्यतः डिझेलवर तयार होते. पर्यटन बंद करावे, तर लोकांनी खावे काय? हा पेच अजून सुटलेला नाही. तरीही काही पावले पडली आहेत. छपरांवर सौरपट्ट्या बसू लागल्या आहेत. २०१० साली शार्क पकडण्यास बंदी घालण्यात आली. २०१५ पासून पर्यटकांकडून दर दिवसाचा हरित कर घेतला जातो.

हनिफारू नावाच्या खाडीत पावसाळ्यात पंखांसारखे पर असलेले प्रचंड मांटा मासे जमतात. पाठीवर हवेची टाकी बांधून तेथे बुडी मारता येत नाही. एका वेळी ठरावीक माणसांनीच, ठरावीक वेळेपुरते पाण्यात उतरायचे. बाकीच्यांनी होडीत बसून आपल्या पाळीची वाट पाहायची, मग ते कितीही लांबून आलेले असोत.