गादीच्या कंपनीचा समभाग : पारख कशी करावी ?

समभाग म्हणजे सट्ट्याची चिठ्ठी नव्हे. तो एका चालत्या पेढीतील हिस्सा होय. अनोळखी पेढीत भागीदारी करण्यापूर्वी तिच्या वह्या पाहिल्यावाचून आपण राहत नाही. मग घरातील तरुण मंडळी कुटुंबाची शिल्लक भागबाजारात घालू लागली असता हाच नियम तेथे का सुटावा ? हिशेबाची ती रीत एका उदाहरणाने मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

अमेरिकेत न्यूयॉर्क येथे २०१४ साली ‘कॅस्पर’ ही गाद्या विकणारी कंपनी सुरू झाली. गादी दाबून, खोक्यात घालून घरपोच पाठवावयाची. शंभर रात्री निजून पाहावी, न रुचल्यास पैसे परत, अशी तिची पद्धत. नावाचा बोलबाला इतका झाला की, २०१९ साली खाजगी भांडवलदारांनी तिचे मोल ११० कोटी डॉलर ठरविले. आता तिची वही उघडून पाहू.

पहिली कसोटी विक्रीची. २०१८ साली निव्वळ विक्री ३५ कोटी ७९ लाख डॉलर झाली. परंतु परत आलेला माल, परतावे व सवलती यांत ८ कोटी ७ लाख डॉलर आधीच वजा झाले होते. म्हणजे एकूण विक्रीच्या शंभर डॉलरांतून अठरा डॉलर हाती राहिलेच नाहीत. परत आलेले धान्याचे पोते पुन्हा विकता येते. निजून परत आलेली गादी नवी म्हणून विकता येत नाही.

दुसरी कसोटी नफ्याची. निव्वळ विक्रीच्या दर शंभर डॉलरांत मालाची किंमत सुमारे ५६ जाऊन ४४ उरले. हे ढोबळ उत्पन्न वाईट नव्हे. पण विक्री व जाहिरात यांवर सुमारे ३५ आणि व्यवस्थापनावर जवळपास तितकेच खर्ची पडले. अखेर तोटा सुमारे २६ ! एकूण तोट्याची रक्कम ९ कोटी २१ लाख डॉलर होती.

तिसरी कसोटी धंद्याच्या स्वभावाची. धान्याचे गिऱ्हाईक महिन्याला पुन्हा पायरी चढते. गादी घेणारा मात्र कित्येक वर्षे पुन्हा फिरकत नाही. म्हणून दर वर्षी नवे गिऱ्हाईक शोधावे लागते आणि जाहिरातीचा खर्च सहसा कमी होत नाही. हे आकड्यांत एकदम दिसत नाही; ते व्यापाऱ्याच्या नजरेने ओळखावे लागते.

चौथी कसोटी भावाची. समभागाच्या भावास दर समभागामागील वार्षिक नफ्याने भागिले, म्हणजे आपण कमाईच्या किती पट मोजतो ते कळते. जेथे नफाच नाही तेथे हा भागाकार होत नाही. मग विक्रीशी तुलना करतात. फेब्रुवारी २०२० मध्ये समभाग १२ डॉलरांस विक्रीस आला. प्रथम अपेक्षा १७ ते १९ डॉलरांची होती. त्या भावाने कंपनीचे मोल सुमारे ४७ कोटी ६० लाख डॉलर होत होते. २०१९ ची विक्री ४३ कोटी ९३ लाख. म्हणजे विक्रीच्या एका पटीहून किंचित अधिक. भाव स्वस्त भासला. तथापि त्या विक्रीच्या शंभर डॉलरांमागे अद्याप २१ डॉलर तोटा होता, हे विसरून चालणार नव्हते.

पुढे नोव्हेंबर २०२१ मध्ये कंपनी दर समभागास ६ डॉलर ९० सेंट या भावाने खाजगी भांडवलदारांस विकण्याचे ठरले. त्यापूर्वीचा बाजारभाव तर साडेतीन डॉलरांच्या आसपास होता. जानेवारी २०२२ मध्ये हा समभाग बाजारातून गेला. बाराला घेऊन अखेरपर्यंत धरून बसणाऱ्याचे जवळजवळ निम्मे मुद्दल गेले.

म्हणून कोणत्याही कंपनीचा अहवाल हाती येताच चार प्रश्न विचारावेत : विकलेला माल टिकतो किती ? खर्च जाऊन उरते काय ? गिऱ्हाईक परत येते काय ? आणि भाव कमाईच्या किती पट आहे ? यांस जोडून कर्ज किती व रोकड शिल्लक किती, हेही पाहावे. उत्तरे मिळेपर्यंत थैलीची गाठ सोडू नये.

आपल्या श्रावकधर्मात परिग्रहाचे परिमाण सांगितले आहे. समभागातही तसे परिमाण आधीच ठरवावे आणि उसनवारी करून ते कदापि ओलांडू नये, एवढीच सर्व बंधुभगिनींस आमची विनंती आहे.