काटा शून्यावर असेल तेव्हा

रेडिएशन मोजणारा सर्व्हे मीटर शून्य दाखवत असेल, तर जागा सुरक्षित आहे असं समजू नका. मीटर बिघडला आहे असं धरून चाला. वेल्डिंगच्या जॉइंटची रेडिओग्राफी करण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. या धंद्यात नव्याने येणाऱ्या मुलामुलींना मी सगळ्यात आधी हेच सांगतो.

कारण साधं आहे. मातीत, दगडात, विटांत थोडं रेडिएशन असतंच, आकाशातून कॉस्मिक किरणही सतत येत असतात. त्यामुळे गायगर ट्यूब असलेला चांगला मीटर सर्वांत खालच्या रेंजवर, आवाज चालू ठेवून, घरात टेबलावर ठेवला तरी अधूनमधून टिकटिकतो. मिनिटभर कान देऊनही तो गप्प असेल, तर दोष मीटरमध्ये आहे.

तळोज्याच्या एका यार्डात रात्रपाळीला इरिडियम-192 लावून पाइपचं शूटिंग चालू होतं. एक्स्पोजर संपलं, क्रँक फिरवून सोर्स परत घेतला आणि ट्रेनी मुलगा मीटर घेऊन पुढे गेला. कॅमेऱ्याजवळ, म्हणजे सोर्स ठेवायच्या कवचाच्या पेटीजवळ, पोचत त्याने विचारलं, ‘‘दादा, झीरो आहे. फिल्म काढू का?’’ मी त्याला तसाच मागे बोलावलं. सोर्स आत नीट बसला तरी कॅमेऱ्याच्या अंगालगत थोडं रेडिएशन लागतंच. कवच ते कमी करतं, संपवत नाही. रोज त्या जागी काटा जरा तरी उचलतो. त्या रात्री तो हलला नाही आणि टिकटिकही नव्हती.

जागेभोवती लावलेल्या दोरीबाहेर येऊन दुसरा मीटर लांबूनच चालू केला आणि काट्यावर नजर ठेवून पावलापावलाने पुढे गेलो. सोर्स जागेवर होता. पहिल्या मीटरचं झाकण उघडलं, तर सेल पाझरला होता आणि स्प्रिंगवर हिरवट-पांढरी पूड साचली होती. पाळीच्या सुरुवातीला हाच मीटर व्यवस्थित चालला होता.

नुकसान झालं नाही, पण हिशेब लक्षात ठेवा. आपल्याकडे कामगाराला पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला 20 मिलिसिव्हर्टची मर्यादा आहे. 40 क्युरीचा उघडा इरिडियम सोर्स एक मीटर अंतरावरून ती सहा-सात मिनिटांत संपवतो. सोर्स कॅमेऱ्यातून जिच्यातून बाहेर जातो ती गाइड ट्यूब, सोर्स आतच अडकलेला असताना, कोणी हातात धरली, तर बोटं भाजायला काही सेकंद पुरतात.

म्हणून मीटर गप्प झाला की पहिलं काम मागे सरण्याचं. दोरी लावलेली जागा तशीच ठेवा, कोणाला आत सोडू नका, आरएसओला (रेडिएशन सेफ्टी ऑफिसरला) कळवा. मीटर उघडायचा तो बाहेर येऊन.

मग सोप्या गोष्टींपासून सुरुवात करा. रेंजचा खटका बघा. वरच्या रेंजवर बॅकग्राउंडने काटा हलतच नाही आणि मीटर मेला असं वाटतं. बॅटरी-चेक दाबा. नुसता व्होल्टेज मोजून भागत नाही, थकलेला सेल लोड आला की बसतो. नवे सेल घालताना सगळे एकाच वेळी बदला. पाझरलेल्या सेलचा क्षार व्हिनेगरच्या बोळ्याने पुसा, मग स्पिरिटने पुसून पूर्ण कोरडं होऊ द्या. प्रोब वेगळा असेल तर केबल कनेक्टरपाशी हळूच हलवा. हलवताच काटा उड्या मारायला लागला, तर वायर तुटलेली आहे. टिकटिक येते पण काटा हलत नाही, तर ट्यूब बहुधा ठीक आहे आणि दोष पुढच्या भागात आहे. दोन्ही बंद असेल, तर संशय ट्यूबवर किंवा तिला व्होल्टेज पुरवणाऱ्या सर्किटवर.

इथे आपण थांबायचं. ट्यूबवर कित्येकशे व्होल्ट असतात, आणि मीटर बंद केल्यावरही कपॅसिटर शॉक देऊ शकतो. साधा मल्टिमीटर लावला, तर तो स्वतःच व्होल्टेज खाली ओढतो आणि चांगलं सर्किट बिघडलेलं वाटतं. कोकणात, मुंबईत पावसाळ्यात आत दमट हवा गेली, तर बोर्डावरच गळती होऊन ट्यूबला पुरेसे व्होल्ट मिळत नाहीत. डब्यात सिलिका जेल ठेवा. पातळ अभ्रकाची खिडकी असलेल्या प्रोबला बोट लावू नका. ती फुटली की ट्यूब गेलीच. ट्यूब बदलली तर कॅलिब्रेशन करूनच मीटर कामावर आणा.

एक बिघाड मात्र बिघाड नसतोच. खूप तीव्र रेडिएशनमध्ये गायगर ट्यूबला दोन पल्सच्या मधे सावरायला वेळ मिळत नाही. पल्स इतके लहान होतात की सर्किट ते मोजत नाही, आणि काही मीटर खाली येत शून्यावर बसतात. उलट टोकाचा धडा ब्राझीलमधल्या गोयानियाचा आहे. 1987 मध्ये तिथे टाकून दिलेल्या उपचारयंत्रातलं सीझियम-137 वस्तीत पसरलं होतं. तपासायला निघालेल्या भौतिकशास्त्रज्ञाने वाटेत मीटर चालू केला, तर काटा थेट टोकाला गेला. मीटर खराब आहे असं वाटून तो बदलून आणायला परतला. मीटर खरं बोलत होता. त्या दुर्घटनेत चार माणसं गेली.

त्यामुळे मीटर लांबूनच चालू करा आणि चालूच ठेवून जवळ जा. काटा चढत चढत अचानक पडला, तर त्याच पावली मागे फिरा. रोज काम सुरू करण्याआधी कॅमेऱ्यावरच्या एका ठरलेल्या जागी रीडिंग घ्या आणि वहीत लिहा. इरिडियम-192 साधारण 74 दिवसांत निम्मा होतो, म्हणून आकडा हळूहळू उतरत जाणारच. एकदम पडला, तर मीटर तपासा. कॅलिब्रेशनच्या स्टिकरवरची तारीख उलटली असेल, तर मीटर घेऊन निघूच नका.

कंत्राटदारांना माझी विनंती आहे: प्रत्येक टोळीबरोबर दुसरा चालू मीटर द्या. आणि मुलांनो, रात्री दोन वाजता जॉब अडला म्हणून कोणी कितीही ओरडलं तरी मीटर बंद तर काम बंद. हे सांगण्याचा हक्क सगळ्यात नव्या ट्रेनीलाही आहे, आणि त्याने तो वापरला तर त्याच्या मागे उभं राहणं हे आम्हा जुन्यांचं काम आहे.