शनवार तेली : कोकणातील बेने इस्राएल

ज्यू म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर युरोपातला माणूस उभा राहतो. काळा डगला, लांब दाढी आणि मागे हिटलरच्या छळछावण्यांची सावली. पाठ्यपुस्तकांनी आपल्याला एवढाच ज्यू दाखविला. वास्तविक पोलंड-रशियातले ज्यू यिद्दिश बोलत, १४९२ साली स्पेनमधून हाकलले गेलेले ज्यू तुर्कस्तानात जाऊनही जुनी स्पॅनिश जपून राहिले, बगदादचे अरबी बोलत, आणि अलिबाग, पेण, रोहा या बाजूचे ज्यू पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलत आले. या शेवटच्या मंडळींविषयी, म्हणजे बेने इस्राएल समाजाविषयी, मला येथे लिहावयाचे आहे. एकाच धर्माची माणसे किती तऱ्हांनी जगू शकतात हे त्यांच्याकडे पाहून कळते, आणि त्या वेगळेपणाची किंमत कशी मोजावी लागते तेही कळते.

त्यांची परंपरा सांगते की, अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यापाशी एक गलबत फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. बुडालेल्यांना तेथेच पुरले. नवगावची ती जागा आजही दाखवितात. ही घटना केव्हाची याविषयी एकमत नाही. समाजाचे इतिहासकार हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी ती इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात नेऊन ठेवली. त्या काळाचा लेखी पुरावा मात्र नाही. वंशजांनी तेलाचा घाणा धरला. शनिवारी, म्हणजे शब्बाथला, घाणा बंद. म्हणून गावाने त्यांना 'शनवार तेली' म्हटले. पोथ्या गेल्या, हिब्रू गेली, पण शनिवारची सुटी, मुलाची सुंता आणि खवले नसलेला मासा न खाण्याचा नियम राहिला. आडनावे गावांवरून पडली. केहिमकर, पेणकर, रोहेकर, दिवेकर, चेऊलकर. जुन्या हिंदी चित्रपटांतले लाडके नट डेव्हिड हे चेऊलकरच.

मला सर्वांत जास्त गंमत वाटते ती त्यांच्या सणांच्या नावांची. ज्यूंचे नववर्ष म्हणजे 'नव्याचा सण'. पुरीम होळीच्या सुमारास येतो म्हणून तो 'होळीचा सण'. जेरुसलेमचे मंदिर पडल्याच्या शोकाचा उपवास म्हणजे 'बिरड्याचा रोजा', कारण तो वालाच्या बिरड्याने सोडावयाचा. उपवास ज्यू, शब्द मुसलमानी आणि वाल कोकणातले! मांसाबरोबर दूध खाऊ नये हा मोशेचा नियम पाळणे इतर देशांत कटकटीचे असेल. कोकणात नारळ होता. नारळाच्या दुधाने त्यांची आमटीही झाली आणि सणाचा चिकाचा हलवाही. नवस फेडताना होणारा मलिदा पोहे, खोबरे आणि फळे यांचा. त्या वेळी स्मरण करावयाचे ते एलिया या इस्राएली संदेष्ट्याचे.

आपल्या प्रार्थनामंदिराला ते 'मशीद' म्हणतात. ताज-उल-मसाजिदच्या भोपाळात राहून मला या शब्दाचे नेहमीच कौतुक वाटत आले आहे. मुंबईतले त्यांचे पहिले मंदिर १७९६ साली मांडवीत समाजी हसाजी दिवेकर यांनी बांधले. समाजी म्हणजे सॅम्युएल आणि हसाजी म्हणजे इझिकेल. हे गृहस्थ कंपनीच्या फौजेत होते आणि म्हैसूरच्या युद्धात टिपूच्या हाती सापडले. कुराणात ज्यांचा उल्लेख आहे ते बनी इस्राईल हेच, असे कळल्यावर टिपूच्या आईने त्यांना वाचविले आणि सुटकेचा नवस म्हणून मंदिर उभे राहिले, अशी कथा आहे. मस्जिद स्टेशनाचे नावही याच मशिदीवरून पडले असे सांगतात.

पुढे शिक्षण आले. मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ साली मराठीतून हिब्रूचे व्याकरण लिहिले. पुण्यात १८७४ साली वल्हांडणाची पोथी मराठी भाषांतरासह छापली गेली. तिच्या चित्रांत लुगडी नेसलेल्या बायका बेखमीर भाकरी करताना दिसतात. १८८० च्या सुमारास तर कीर्तन आले. अभंग-आर्यांच्या चालींवर अब्राहाम आणि योसेफ यांची आख्याने रंगू लागली.

हे सारे ऐकायला गोड आहे. पण ज्यूंमधले ज्यू या वैविध्याकडे गोड नजरेने पाहत नव्हते. बगदादी ज्यू व्यापारी मुंबई-पुण्यास आले, श्रीमंत झाले, आणि बेने इस्राएलांना बरोबरीचे मानीनासे झाले. पुण्यात डेव्हिड ससून यांनी बांधलेले 'लाल देऊळ' १८६७ साली पुरे झाले. बेने इस्राएलांचे मंदिर निराळे, रास्ता पेठेत. कोचीनमध्ये 'परदेशी' गोऱ्या ज्यूंच्या मंदिरात ज्यांना कमी लेखले जाई त्यांच्यासाठी ए. बी. सालेम या वकिलांना गांधीजींच्या मार्गाने सत्याग्रह करावा लागला. आणि बेने इस्राएल तरी निर्दोष कोठे होते? त्यांच्यातही 'गोरे' आणि 'काळे' असे भेद होते. जातीची हवा सर्वांनाच लागते.

१९४८ नंतर बहुसंख्य बेने इस्राएल इस्राएलला गेले. तेथे १९६२ साली प्रमुख धर्मपीठाने सूचना काढली की, त्यांचे इतर ज्यूंशी लग्न लावण्यापूर्वी आईकडच्या पिढ्या जमेल तितक्या मागे तपासाव्यात. शतकानुशतके एकाकी राहिलेल्या या लोकांना घटस्फोटाचे शास्त्र माहीत नव्हते, तेव्हा त्यांचे वंश 'शुद्ध' कशावरून, असा आक्षेप. ज्यांना कोकणात शनिवारमुळे वेगळे ओळखले, त्यांना जेरुसलेमात पुरावा मागितला गेला. जेरुसलेमात त्यांनी निदर्शने केली, धरणे धरले. अखेर ऑगस्ट १९६४ मध्ये इस्राएलच्या संसदेने ठराव केला की, बेने इस्राएल हे सर्व बाबतींत ज्यूच आहेत. वीस वर्षांनी इथिओपियातून आणलेल्या ज्यूंना असाच प्रश्न विचारला गेला. प्रतीकात्मक शुद्धिस्नान करा असे सांगितल्यावर तेही १९८५ साली रस्त्यावर उतरले.

२०११ च्या जनगणनेत भारतात ज्यू उरले होते साडेचार हजारांच्या आसपास. महाराष्ट्र शासनाने २०१६ साली त्यांना अल्पसंख्याकांचा दर्जा दिला. तिकडे अश्दोद, रामले, दिमोना या गावांत गेलेल्यांनी १९८० च्या दशकात एक त्रैमासिक सुरू केले. ते निघाले मराठीत, आणि त्याचे नाव ठेवले 'मायबोली'.