चित्राची पाठ कोरी ठेवू नकोस

चिपळूण,
ता. १ जून

चि. मधुरास अनेक उत्तम आशीर्वाद.

ईशानच्या चित्रांनी कपाटाचा एक कप्पा भरला, आता दुसऱ्यावर स्वारी आहे आणि एकही कागद टाकायला हात धजत नाही, असं तू परवा फोनवर म्हणालीस. पावसाळा तोंडावर आलाय, म्हणून लगेच लिहिते.

फाइल, फ्रेम वगैरे आणायला धावण्याआधी एक मऊ पेन्सिल कपाटापाशी ठेव. चित्र हातात आलं की त्याच्या पाठीवर तारीख, ईशानचं वय आणि तो त्या चित्राबद्दल जे बोलला ते त्याच्याच शब्दांत लिही. ‘मावशीला पाय नाहीत कारण ती बसली आहे’ असं तो म्हणाला, तर तसंच लिही. बॉलपेन नको, त्याचा वळ पुढच्या बाजूला उमटतो. आणि ‘हे काय काढलंस?’ असं विचारू नकोस, मूल परीक्षेला बसल्यासारखं गप्प होतं. ‘इथे काय चाललंय?’ असं विचार, मग बघ कसा बोलतो.

माझ्या पहिलीच्या वर्गात एका मुलाने अख्खा कागद काळ्या मेणखडूने भरून दिला होता. मी विचारलं तेव्हा म्हणाला, “लाईट गेलीय.” कागद तिरप्या उजेडात धरला, तर काळ्या थराखाली रेघांचे उठाव दिसले: ताटं मांडलेली, चार माणसं जेवायला बसलेली. त्याने आधी घर काढलं होतं आणि मग दिवे घालवले होते. ते दोन शब्द पाठीवर लिहिले नसते, तर वर्षाअखेरीच्या आवरासावरीत तो कागद सगळ्यात आधी रद्दीत गेला असता. म्हणून म्हणते, चित्र एकटं जपलंस तर अर्धंच जपलंस.

आता निवड. सगळंच ठेवलंस तर पुढे कुणी काहीच बघणार नाही. ‘सुंदर’ तेवढी ठेवू नकोस आणि बक्षीस मिळालेलीच तर मुळीच नको. जिथे त्याने नवं काही केलं, ते ठेव. साधारण तिसऱ्या-चौथ्या वर्षी गोल डोक्यालाच हातपाय फुटलेला माणूस येतो. सहा-सातच्या सुमारास कागदाच्या तळाशी जमिनीची रेघ येते आणि वर आभाळाची निळी पट्टी. मग बसच्या पत्र्यातून आतले प्रवासी दिसायला लागतात. हायस्कुलात मुलं एलिमेंटरी, इंटरमिजिएटला बसतात तेव्हा रेघ सफाईदार झालेली असते, पण पत्र्यातून आरपार बघायची ती धिटाई बहुतेकांची गेलेली असते. लहानपणच्या नुसत्या गिरगोट्याही दोन-चार असू देत. सॅन फ्रान्सिस्कोत बालवाडी चालवणाऱ्या ऱ्होडा केलॉग यांनी मुलांची सुमारे दहा लाख चित्रं गोळा केली, त्यांवर १९६९ साली पुस्तक लिहिलं आणि त्यात गिरगोट्यांचेच वीस प्रकार मांडले. तुला दहा लाख नकोत. वर्षाला वीस-पंचवीस पुष्कळ झाली.

ठेवायला महागडं काही लागत नाही. ए-थ्री कागद न दुमडता मावेल एवढे दोन जाड पुठ्ठे घे आणि त्यांना नाडी बांध. चित्रं त्यात आडवी, सपाट ठेव. सुरळी केलीस तर पोस्टर कलरचा थर तडकून पापुद्रे सुटतात. तेलखडूच्या चित्रावर बटर पेपर घाल, नाहीतर त्याचा रंग शेजारच्या चित्राला लागतो. वर्तमानपत्रात गुंडाळू नकोस, त्या कागदातल्या आम्लाने चांगला कागदही पिवळा पडतो. लॅमिनेशनच्या भानगडीत तर पडूच नकोस. उष्णतेने मेणखडू वितळतो आणि एकदा केलेलं परत सोडवता येत नाही. घट्ट बंद प्लॅस्टिकमध्ये दमट हवा कोंडते, मग बुरशी आलीच. बाहेरच्या भिंतीला लागून किंवा बाथरूमवरच्या माळ्यावर काही ठेवू नकोस. ऑक्टोबरात सगळे कागद एकदा सावलीत पसरून वारा दे, म्हणजे कसर लागली असेल तर वेळीच कळेल.

डाळ-तांदळाचं चिकटकाम मात्र घरात मुक्कामाला ठेवायचं नाही. मुंग्या आणि पोरकिडे त्याची वाटच बघत असतात. आठवडाभर मिरवू दे, मग फोटो काढ आणि निरोप दे. मोठ्या पुठ्ठ्यांचे किल्ले, रॉकेटं यांनाही हाच न्याय. फोटो खिडकीजवळ, फ्लॅश बंद करून, मोबाइल कागदाला समांतर धरून काढ. आणि पाठीचाही काढ.

भिंतीवर लावायची चित्रं त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर हवीत, आपल्या नव्हे. एक सुतळी आणि कपड्यांचे चिमटे एवढ्यावर काम होतं. सेलोटेप लावू नकोस, ती भिंतीचा रंग ओरबाडते आणि कागदावर पिवळा डाग ठेवून जाते. थेट ऊन येईल अशी भिंत टाळ, स्केचपेनची शाई उन्हाने पार उडते. एखादी मागून उघडणारी फ्रेम घेतलीस, तर नवं चित्र पुढे आणि जुनी त्याच्यामागे सरकवता येतात. दर पंधरवड्याला चित्रं बदलत जा. बदलली नाहीत तर महिन्याभरात घरातलं कुणी तिकडे बघेनासं होतं.

उरलेल्या कागदांचं वाईट वाटून घेऊ नकोस. भेंडीच्या ठशांचा मोठा कागद वाढदिवसाच्या भेटीला गुंडाळायला छान दिसतो, आणि पाठकोरे कागद आपल्या घरांत कधी वाया गेलेत का? फक्त त्याच्यादेखत कचऱ्यात टाकू नकोस आणि त्याच्या नकळतही नको.

येत्या रविवारी दोघं मिळून बसा. शेवटचा शब्द त्याचा. तुला अगदी फुटकळ वाटणारं एखादं चित्र तो हट्टाने ठेवायला लावेल. ते ठेव, त्याला कारण विचार आणि तेवढं पाठीवर लिहून घे.

जावईबापूंना नमस्कार, ईशानला गोड पापा.

तुझी,
शालूमावशी