वैशाखातले अंडे

नागपूरहून अमरावती रस्त्याने पश्चिमेकडे निघालात की वाडी लागते. मालमोटारींचे तळ, गोदामे, पत्र्याची छपरे, आणि मे महिन्यात त्या पत्र्यांवर तापणारे ऊन. अशाच एका पत्र्याखाली कोणी टोपलीत दहा-बारा फलित अंडी जमवून ठेवली आहेत असे समजा. कोंबडी खुडूक झाली की तिच्याखाली ती ठेवायची, असा बेत आहे. आठ-दहा दिवसांनी कोंबडी बसली, एकवीस दिवस इमानाने बसली, आणि पिल्ले निघाली फक्त चार. घरची मंडळी म्हणतात, बाकीची अंडी वांझ होती. खरेच ती वांझ होती का? पुष्कळदा तशी ती नसतात. त्यांच्यातले गर्भ कोंबडी बसण्यापूर्वीच मेलेले असतात.

हे कसे घडते ते समजण्यासाठी थोडे मागे जाऊ. कोंबडीच्या शरीराचे तापमान सुमारे ४१ अंश सेल्सिअस असते आणि फलित अंड्याला तिच्या पोटात तयार व्हायला एक दिवस लागतो. त्या उबेत पेशींचे विभाजन सुरूही झालेले असते. अंडे बाहेर येते तेव्हा पिवळ्या बलकावरच्या त्या पांढुरक्या ठिपक्यात हजारो पेशी असतात. मग अंडे निवते आणि वाढ थांबते. गर्भ मरत नाही, झोपतो. कोरड्या कणगीतले बी जसे पावसाची वाट पाहत पडून राहते, तसेच हे.

कोंबडीला या झोपेचा मोठा उपयोग होतो. ती रोज एखादे अंडे घालते, पण डझनभर अंडी जमेपर्यंत नीट बसत नाही. त्यामुळे पहिल्या आणि शेवटच्या अंड्यात दहा-बारा दिवसांचे अंतर असले, तरी पिल्ले जवळजवळ एकाच दिवशी निघतात.

ही झोप टिकायला तापमान सुमारे २१ अंशांच्या खाली असावे लागते. आता नागपूरचा मे महिना आठवा. दुपारी ४३ ते ४५ अंश, आणि रात्री पाराही २८-३० च्या आसपासच घोटाळतो. म्हणजे टोपलीतले अंडे चोवीस तासांत एकदाही झोपत नाही. बरे, पूर्ण जागे व्हायला हवी तशी ३७.५ अंशांची स्थिर ऊबही त्याला मिळत नाही. तुम्ही म्हणाल, मग वाढ जरा सावकाश होईल, त्यात काय बिघडले? बिघडते ते असे, की अपुऱ्या उबेत गर्भाचे सगळे भाग सारख्याच प्रमाणात मंदावत नाहीत. काही ऊतक पुढे धावतात, काही मागे रेंगाळतात. एका घराच्या भिंती छपरापर्यंत गेल्या आणि पायाचे काम अजून चालूच आहे, अशी अवस्था होते. असा गर्भ दोन-चार दिवसांत दगावतो. अंडे फोडून पाहिले तर फारसे काही दिसत नाही, म्हणून आपण त्याला वांझ ठरवतो.

उपाय अवघड नाही. उबवायची अंडी १५ ते १८ अंशांत, टोकदार बाजू खाली करून ठेवतात आणि आठवड्याच्या आत उबवायला घेतात. घरी इतका थंडावा जमत नसेल, तर ओल्या वाळूवर ठेवलेला मातीचा माठ आणि वाळ्याच्या पडद्यांची सावली यांनी पुष्कळ फरक पडतो. फ्रिज मात्र या कामासाठी जास्तच थंड पडतो.

उबवणी सुरू झाल्यावर दुसरी परीक्षा येते. यंत्रात हवा खेळती असेल तर ३७.५ ते ३७.८ अंश हे योग्य तापमान. इजिप्तमध्ये शेकडो वर्षांपूर्वीपासून मातीच्या भट्ट्यांत हजारो अंडी उबवत, आणि तिथले कसबी कारागीर अंडे पापणीला लावून ऊब ओळखत. फ्रान्समधील रेओम्यूर या शास्त्रज्ञाने हेच काम तापमापकाच्या साहाय्याने करून पाहिले आणि १७४९ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. अर्थात तापमापकही तपासून घ्यावा लागतो. ३० मे २०२४ रोजी नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश तापमान दाखवले आणि देशभर गवगवा झाला. नंतर हवामान खात्याने स्पष्ट केले की संवेदकच बिघडला होता. हवामान केंद्राची चूक दुसऱ्या दिवशी दुरुस्त होते. उबवणी यंत्रातला तापमापक एक अंशाने खोटे बोलला, तर ते एकविसाव्या दिवशी कळते.

एक अंश म्हणजे काहीच नाही असे आपल्याला वाटते. पण सतत एक अंश जास्त ऊब मिळाली, तर पिल्ले विसाव्या दिवशीच बाहेर येतात. ती लहानखुरी असतात, त्यांची बेंबी पुरती मिटलेली नसते आणि त्यांचे हृदयही प्रमाणाने लहान राहिलेले असू शकते. एक अंश कमी पडला, तर पिल्ले उशिरा निघतात, पोटे फुगीर आणि पाय लेचेपेचे. दोन्ही प्रकारची पिल्ले निघतात खरी, पण पहिल्या आठवड्यात त्यांतलीच जास्त मरतात.

इथे एक गंमत आहे. पहिल्या आठवड्यात अंडे यंत्राकडून उष्णता घेते, पण दुसऱ्या आठवड्याच्या मध्यापासून गर्भ स्वतःच उष्णता बाहेर टाकू लागतो. अठराव्या दिवशी एक अंडे दशांश वॅटपेक्षा थोडी अधिक उष्णता देते. दहा हजार अंडी असतील तर हिशोब करा, एक किलोवॅटची शेगडीच पेटली म्हणायची! म्हणून मोठ्या यंत्रात शेवटच्या दिवसांत अडचण गरम करण्याची नसून थंड करण्याची असते. वीज गेली तर काय करायचे, याचे उत्तरही त्यामुळे दोन प्रकारचे येते. पहिल्या आठवड्यात दारे घट्ट बंद ठेवावीत. शेवटच्या आठवड्यात मात्र पंखा थांबताच अंडी स्वतःच्याच उष्णतेने भाजू लागतात, म्हणून दारे किलकिली करून हवा खेळवावी. पण खोलीच ४० अंशांवर असेल तर दार उघडूनही भागत नाही. नागपुरात उबवणी केंद्राची खोली गार ठेवण्याला यंत्राइतकेच महत्त्व आहे, ते याचसाठी.

आता पाण्याकडे वळू. कवचाला सुमारे दहा हजार सूक्ष्म छिद्रे असतात. त्यांतून प्राणवायू आत येतो आणि कार्बन डायऑक्साइड व पाण्याची वाफ बाहेर जाते. साठ ग्रॅमच्या अंड्याचे वजन अठराव्या दिवसापर्यंत साधारण ७ ग्रॅमनी, म्हणजे बारा टक्क्यांच्या आसपास घटायला हवे. त्या जागी बोथट टोकाला हवेची पोकळी वाढते. पिल्लू पहिला श्वास घेते ते याच पोकळीत.

वाफ किती जाईल हे आतल्या आणि बाहेरच्या बाष्पदाबातल्या फरकावर ठरते. ३७.५ अंशांवर अंड्यातला बाष्पदाब पाऱ्याच्या सुमारे ४८ मिलिमीटरइतका असतो. यंत्रात सापेक्ष आर्द्रता ५५ टक्के असली, तर बाहेरचा दाब २७ आणि फरक २१. मे महिन्यातली ४३ अंशांची आणि १२ टक्के आर्द्रतेची हवा यंत्रात घेतली, तर तिचा बाष्पदाब जेमतेम ८ भरतो. फरक ४०! म्हणजे अंडे जवळजवळ दुप्पट वेगाने सुकते. पिल्लाला पापुद्रा चिकटतो आणि त्याला वळता येत नाही. जुलैतली २८ अंशांची, ८५ टक्के आर्द्रतेची हवा घ्या. तिचा दाब २४, म्हणजे यंत्रात ती तापली तरी आर्द्रता आपोआप ५० टक्क्यांवर राहते. पाण्याची परात ठेवायची गरज जवळजवळ उरत नाही. उलट परात भरभरून ठेवली तर अंडे पुरेसे सुकत नाही, पोकळी लहान राहते आणि पिल्लू ओलसर, सुजट निघते. जानेवारीच्या कोरड्या हवेचा हिशोब तुम्हीच करा. उत्तर पाहून नवल वाटेल.

अठराव्या दिवसापर्यंत अंडी फिरवत राहावी लागतात. कोंबडी हे काम चोचीने करते आणि यंत्र दर तासाला ट्रे कलते करते. न फिरवल्यास गर्भ कवचाच्या पापुद्र्याला चिकटतो. शेवटचे तीन दिवस फिरवणे बंद करतात आणि आर्द्रता वाढवतात, कारण पापुद्रा वाळून चामड्यासारखा झाला तर चोच तो फाडू शकत नाही. याच दिवसांत पिवळा बलक पिल्लाच्या पोटात ओढला जातो आणि बेंबी मिटते. ही शिदोरी पोटात असल्याने एक दिवसाचे पिल्लू दाणा-पाण्याशिवाय दोन दिवस तग धरते, आणि म्हणूनच ते भोकाच्या खोक्यातून दूरगावी पाठवता येते. पण बेंबी उघडी राहिली असेल, तर घाणेरड्या ट्रेवरचे जंतू त्याच वाटेने आत शिरतात. तिथे बलक म्हणजे त्यांना आयते खाद्य. मग पोट सुजते, दुर्गंधी येते, आणि औषधाने फारसे साधत नाही.

तुम्हाला एक सोपा प्रयोग करता येईल. त्यात कोणताही जीव दगावणार नाही, कारण दुकानातली अंडी कोंबड्याशिवाय पाळलेल्या कोंबड्यांची असतात आणि ती फलित नसतात. शाळेच्या प्रयोगशाळेतल्या तराजूवर दोन ताजी अंडी तोलून घ्या. एक उघड्या गच्चीवर सावलीत ठेवा, दुसरे कूलर चालू असलेल्या खोलीत. दहा दिवस रोज एकाच वेळी त्यांचे वजन घ्या आणि दोन्ही ठिकाणचे तापमानही लिहून ठेवा. अंडी नंतर खाऊ नका, खड्ड्यात पुरा. पावसाळा लागला की हाच प्रयोग पुन्हा करा आणि चारही रेषा एकाच आलेखावर काढा.