वाळू दे गं आधी

हे बघ, कॅनव्हासवरच्या कोटिंगचे पैसे बिलात वेगळे लाव. बाकी सगळं तू शिकशीलच, पण हे आपल्याकडच्या पोरी फार उशिरा शिकतात, म्हणून आधी हेच. प्रिंटचे पैसे गिऱ्हाईक देतं. फ्रेमचेही देतं, लाकूड ठोकून बघतं नं. मधला पारदर्शक थर मात्र त्याला दिसत नाही, आणि दिसत नाही ते फुकट, असा आपला बाजार. त्या थराला लागतं काय? लिक्विड थोडंसं आणि वेळ भरपूर. त्या वेळेचे पैसे घेतले नाहीस की हात घाई करायला लागतात, आणि या कामातली बहुतेक बिघाडी घाईचीच असते.

कोटिंग लागतंच का, आजीच्या घरच्या फोटोंना कुठे होतं, म्हणतेस. त्यांच्यावर काच होती बाई! आणि कित्येकांवर वॉर्निश होतं. नागपुरात महाल भागातल्या जुन्या घरांत लक्ष्मी-सरस्वतीची रविवर्मा छापाची चित्रं बघितली असशील. रविवर्मांचा छापखाना 1894 साली मुंबईत सुरू झाला. दगडावरून एकेक रंग चढवायचा आणि वरून वॉर्निश द्यायचं, म्हणजे छापलेलं चित्र तैलचित्रासारखं दिसतं. आज ती पिवळी-तपकिरी झालीत. कागद जुना झाला हे खरं, पण झाडाच्या राळेचं वॉर्निशही वयाबरोबर पिवळं पडतं. आपण वापरतो ते पाण्यातलं ॲक्रेलिक, ते तसं पिवळं पडत नाही. युक्ती मात्र तीच, जुनी.

आता कॅनव्हासचा तुकडा बोटांत धरून बघ. मागून कापड, बहुतेक पॉलिस्टर आणि सूत मिसळलेलं. पुढून पांढरा लेप, शाई धरून ठेवायला दिलेला. शाई त्या लेपाच्या वरच्या अंगालाच बसते. नखाने ओढलं की पांढरी रेघ. फ्रेमच्या कडेवर वळवलं की घडीवर पांढरी भेग. यूट्यूबवरचे परदेशी लोक उन्हाने रंग उडतो एवढंच सांगत बसतात. आपल्याकडे उन्हाच्या आधी हार मारतो! फुलवाला हारावर पाणी शिंपडूनच देतो, ते ठिबकतं थेट वडिलांच्या फोटोतल्या सदऱ्यावर. शेगावच्या महाराजांची फ्रेम नेणारं गिऱ्हाईक ती नुसती भिंतीवर लटकवणार आहे का? ओलं गंध लावणार, हळदकुंकू वाहणार, खाली रोज अगरबत्ती. दसऱ्याला दीक्षाभूमीवर येणारी माणसं बाबासाहेबांचं, बुद्धाचं चित्र गुंडाळून, गर्दीच्या गाडीत उभं राहून गावी नेतात. उघड्या कॅनव्हासवर हळद पडली की ती कापडाची झाली. कोटिंग असलं तर लगेच, हलक्या हाताने पुसली जाते. उन्हाचं म्हणशील तर अतिनील किरण शोषणारं द्रव्य असलेलं कोटिंग रंगाचं आयुष्य वाढवतं, पण समोरच्या खिडकीतून दुपारभर ऊन पडत असेल तर त्याचाही इलाज नाही. हे गिऱ्हाइकाला तोंडावर सांगायचं. रागावत नाहीत, उलट विश्वास बसतो.

शाई कोणती, हे माहीत नसताना बाटलीचं झाकणही उघडू नको. तुझ्याकडचा एप्सनचा एल 1800 चेहऱ्यांचे रंग सुरेख काढतो, पण त्याची मूळ शाई डाय. डाय म्हणजे पाण्यात पूर्ण विरघळलेला रंग. त्यावर पाण्यातलं कोटिंग रोलरने फिरवलं की ओठांचा रंग हनुवटीवर उतरलाच समज. अशा प्रिंटवर आधी सॉल्व्हंटच्या स्प्रेचे दोन-तीन अगदी पातळ हात, ते नीट वाळले की मग वाटलं तर पाण्यातलं. पिगमेंट शाईत रंगाचे बारीक कण असतात, ते पाण्याने सहसा हलत नाहीत, तिथे थेट पाण्यातलं चालतं. सीताबर्डीवरच्या फ्लेक्सवाल्याकडून इको-सॉल्व्हंटवर छापून आणलंस तर तेही पाण्याला फारशी दाद देत नाही. कुणी खात्रीने सांगत नसेल तर एक पट्टी छापून घे, दुसऱ्या दिवशी ओला कापूस हलकेच फिरव आणि कापसाकडे बघ. ही पट्टी प्रत्येक नव्या रोलची करायची, कंपनी तीच असली तरी.

आणि हात लावला तर कोरडं लागतं, एवढ्यावर जाऊ नको. छापल्यापासून चोवीस तास उघडं ठेवायचंच. शाईत पाण्याशिवाय ग्लायकॉलसारखी सावकाश उडणारी द्रव्यं असतात, इको-सॉल्व्हंटमध्ये तर सॉल्व्हंटच असतो. त्यांना बाहेर पडू दिलं नाही आणि वरून झाकण घातलं, तर आठवड्याभराने थर धुरकट होतो किंवा सुटून येतो. नाक जवळ नेऊन बघ. वास येतोय तोवर ते तयार नाही.

आता आपल्या हवेचं. कंपनीच्या कागदावर पंचवीस डिग्रीचं गणित लिहिलेलं असतं, आणि आपण नवतप्यात पंचेचाळीसच्या पुढे बसलेलो असतो बाप्पा! पाण्यातलं ॲक्रेलिक वाळतं कसं ते समजून घेतलंस तर पुढचं आपोआप सुचेल. बाटलीत ते दुधासारखं पांढरं दिसतं, कारण पाण्यात ॲक्रेलिकचे सूक्ष्म कण तरंगत असतात. पाणी उडालं की कण एकमेकांना भिडतात, वितळल्यासारखे एक होतात आणि सलग काचेसारखा पापुद्रा तयार होतो. या भिडण्याला सवड लागते. मे महिन्याच्या दुपारी रोलर पलीकडच्या कडेला पोचायच्या आत अलीकडचं चिकट झालेलं असतं. त्यावरून पुन्हा रोलर नेला की ते ओरबाडलं जातं, आणि तो ओरखडा पुढे कशानेच जात नाही. स्प्रे गनने मारलंस तर थेंब हवेतच वाळतात आणि कॅनव्हासवर खरखरीत भुकटी बसते.

म्हणून उन्हाळ्यात काम पहाटेचं. सहाला सुरू, आठला बंद. आदल्या रात्री फरशी ओल्या फडक्याने पूस, धूळ बसते आणि खोलीत थोडा ओलावा राहतो. लिक्विड घट्ट वाटलं तर कंपनी सांगेल तेवढंच डिस्टिल्ड वॉटर घाल, बॅटरीसाठी मिळतं ते, नळाचं नको. आणि कूलर बंद! आपल्याकडे एप्रिल ते जून कूलर बंद करणं म्हणजे घरात भांडण, मला माहीत आहे. पण कूलर वाऱ्याबरोबर पाण्याचे बारीक तुषार फेकतो, शिवाय त्याच्या गवताची कुसळं उडतात. ओल्या थरावर एक कुसळ बसलं की ते कायमचं तिथलं रहिवासी. पंखासुद्धा अर्धा तास बंद ठेव.

पावसाळ्यात उलटी तऱ्हा. हवेतच इतकं पाणी की कोटिंगातलं पाणी जाणार कुठे? दुधी रंग जाता जात नाही, थर चिकट राहतो. सॉल्व्हंटचा स्प्रे तर दमट हवेत पांढरी धुई धरतो. झड लागली असेल तर काम सरळ पुढे ढकल, हेअर ड्रायर घेऊन बसू नको, वरचा पापुद्रा वाळतो आणि आत ओलं राहतं. थंडीकडे कुणी लक्ष देत नाही, पण तीही नडते. दहा डिग्रीच्या खाली ॲक्रेलिकचे कण नीट एकजीव होत नाहीत, थर भुसभुशीत होतो, बारीक तडे जातात. डिसेंबरच्या नागपुरी पहाटे असं होऊ शकतं. 29 डिसेंबर 2018 ला इथे पारा साडेतीनवर उतरला होता, विसरलीस का? हिवाळ्यात दुपारचं काम धर. एकूण काय, ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि फेब्रुवारी आपले. मोठ्या ऑर्डरी तिकडे सरकवता आल्या तर सरकव.

हाताचं कसब शब्दांत कितीसं सांगणार, पण थोडं सांगते. कॅनव्हास ताणून फ्रेमवर चढवायच्या आधी, सपाट काचेवर किंवा लॅमिनेटच्या फळीवर चारी कडांना टेपने चिकटव. बाटली हलवायची नाही, काडीने सावकाश ढवळायची. हलवली की बुडबुडे. लिक्विड नायलॉनच्या कापडातून गाळून घे. बारीक फोमचा रोलर आधी पाण्यात धुऊन पिळून काढ, सुटी कुसळं निघून जातात. ट्रेमध्ये लोळवून रोलर सगळीकडून सारखा भिजव आणि आधी उभा, मग आडवा फिरव, शेवटी अगदी वजन न देता एकाच दिशेने. दाबला की फेस येतो. आता खाली वाकून, टॉर्च कॅनव्हासच्या पातळीवर आडवा धरून बघ. ओला भाग चकाकतो आणि सुटलेला ठिपका कोरडा, निस्तेज दिसतो. वरून कितीही बघितलंस तरी तो दिसत नाही. दिसला की लगेच भर. दोन मिनिटांनी दिसला तर सोडून दे, दुसऱ्या हातात भरून निघेल. पहिला पूर्ण पारदर्शक झाल्यावरच दुसरा. दोन पातळ हात एका जाड हातापेक्षा केव्हाही चांगले. बाजूंना ज्या पट्ट्या फ्रेमवर वळणार, त्यांनाही द्यायचं. भेग तिथेच पडते.

चकचकीत की मॅट, यावर गिऱ्हाइकाचं आणि तुझं वाजणारच. ताडोबा, पेंच, उमरेड-कऱ्हांडल्याहून वाघाचे फोटो काढून आलेली मंडळी इथे कमी नाहीत, आणि प्रत्येकाला वाघ सोफ्याच्या मागे तीन फूट बाय चार फूट हवा असतो. त्या फोटोत मागचं जंगल काळंभोर असतं. ग्लॉस दिला की काळा रंग खोल होतो, पट्टे उठून येतात, आणि समोरची ट्यूबलाईटसुद्धा वाघाच्या पाठीवर उठून येते. मॅटने चकाकी जाते, पण मॅटच्या लिक्विडात चमक मोडणारी सिलिकाची पूड असते. मॅटचेच दोन थर दिले तर काळ्यावर राखेसारखी छटा येते. मी पहिला हात ग्लॉसचा आणि वरचा सॅटिनचा देते. काळा काळाच राहतो. मॅट किंवा सॅटिन वापरताना मध्ये मध्ये ढवळत जा, ती पूड तळाला बसते; नाहीतर पहिला वाघ चकचकीत आणि शेवटचा पिठाळलेला.

स्वस्तातले उपाय सांगणारे पुष्कळ भेटतील. फेव्हिकॉल पातळ करून लाव म्हणतील. तो लाकूड जोडायला उत्तम आहे, पण वाळल्यावरही ओल लागली की मऊ पडतो. हाराचं पाणी आठव. केसांचा स्प्रे तर बोलूच नको. फर्निचरचं तेलाचं वॉर्निश पिवळं पडतं. आणि दोन डब्यांचं पीयू, ज्यात हार्डनर मिसळावा लागतो, ते घरात फवारायचं नाही म्हणजे नाही. त्यात आयसोसायनेट असतात, फुप्फुसाला लागतात, दमा मागे लावतात. सॉल्व्हंटचा कुठलाही स्प्रे गच्चीवर, सावलीत, वारा पाठीशी घेऊन. जवळ देवघरातला दिवा, गॅस, काही पेटतं नको. करोनातला एन-95 तोंडाला लावून निर्धास्त होऊ नको, तो कण अडवतो, वाफ नाही. वाफेला कोळशाच्या डब्यांचा मास्क लागतो. लेकरू लहान आहे तुझं, म्हणून जरा आवाज चढवून सांगून राहिली.

कोटिंगनंतर आणखी एक दिवस जाऊ दे, मग ताणून फ्रेमवर चढव. पॅकिंगमध्ये बबलरॅपचे फुगे थेट चित्राला लावू नको. ॲक्रेलिक उष्णतेने मऊ होतं, आणि मे महिन्यात बंद टेम्पोतून अमरावतीला पोचेपर्यंत फुग्यांची गोल नक्षी महाराजांच्या शालीवर उमटलेली असते. आधी सिलिकॉन लावलेला न चिकटणारा कागद, मग काय ते फुगे. फ्रेम एकमेकींवर तोंडाला तोंड लावून रचायच्या नाहीत. मागे एक चिठ्ठी चिकटव: कोरड्या मऊ फडक्याने पुसणे, काच पुसायचा स्प्रे मारू नये.

आता सगळ्यात अवघड ऑर्डर. कुणाचे वडील जातात, आणि तेरवीला मोठा कॅनव्हास हवा असतो. फोटो शोधून, जुळवून तुझ्या हाती येईतो दहावा दिवस उजाडलेला असतो. माणूस समोर रडवेला उभा, नाही म्हणवत नाही. शाई वाळायचा एक दिवस, कोटिंगचे दोन हात, पुन्हा एक दिवस, मग फ्रेम. हिशेब जेमतेम बसला तरी पहिल्याच दिवशी त्या फोटोवर ताजा हार चढणार. तेव्हा असं कर. तेरवीसाठी साध्या फोटो पेपरवर छापून, काच लावून फ्रेम दे. काचेवर हार, गंध, काहीही चालतं. कॅनव्हास महिन्याने घेऊन जा म्हणावं, आणि दोन्हीचे पैसे आजच ठरवून घे, संकोच करू नको. महिन्याने ते येतात तेव्हा चित्राकडे शांतपणे बघतात, तुझं कामही त्यांना तेव्हाच दिसतं.

येत्या रविवारी ये, सहाला. दोन्ही शायांच्या पट्ट्या छापून आण, ओल्या कापसाचं मी दाखवते. आणि जावयाला सांगून ये, रविवारी सकाळी लेकरू त्याच्याकडे.