फिट थांबते कधी, तेही लिही

चि. सानिका हिस,


तुझा आलेख पाहिला. फिट आलेल्या उंदरांच्या मेंदूतल्या हिप्पोकॅम्पसमध्ये न्यूरोपेप्टाइड वायचं जनुक जोरात चाललेलं दिसलं आणि तू त्यालाच अपस्माराचं कारण ठरवून मोकळी झालीस! हा चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याचा प्रकार आहे.

१९९६ मध्ये सिएटलला पामिटर यांच्या प्रयोगशाळेने हे जनुक नसलेले उंदीर तयार केले. पेप्टाइड भूक वाढवणारं, म्हणून उंदीर रोडावतील असा सगळ्यांचा होरा. पठ्ठ्यांनी खाणं काही सोडलं नाही, वजनही टिकवलं; अधूनमधून फिट मात्र येऊ लागली. पुढच्याच वर्षी बाराबान आणि सहकाऱ्यांनी अशा आणि साध्या उंदरांना फिट आणणारं केनिक आम्ल टोचलं. तो लेख नीट वाच. फिट सुरू व्हायला लागलेला वेळ दोन्ही गटांत सारखाच होता. साधे उंदीर त्यातून बहुतेक वाचले. पेप्टाइड नसलेल्यांची फिट आवरेचना, त्यातले ९३ टक्के मेले. आधीच मेंदूच्या पोकळीत ते पेप्टाइड सोडलं, तेव्हा मरण टळलं.

म्हणजे हे पेप्टाइड फिट लावत नाही, सुरू झालेली आटोक्यात आणतं. चेतापेशी संथ चालत असताना ते सहसा बाहेर पडत नाही. भराभर संदेश सुटू लागले की पडतं आणि आपल्या वाय-२ रिसेप्टरवर बसून, पेशींना चेतवणाऱ्या ग्लुटामेटचा पुरवठा कमी करतं. खर्च झालेलं पेप्टाइड पेशीला पुन्हा भरून घेता येत नाही, नवं बनवावं लागतं. त्यासाठी जनुक चालणारच. तुझ्या आलेखातली चढण मला तरी या भरपाईचीच वाटते. पण म्हणून सगळीच पेप्टाइडं साधू समजू नकोस. सीआरएच हे ताणाशी निगडित पेप्टाइड उंदराच्या पिल्लांच्या मेंदूत टोचलं तर त्यानेच फिट येते.

तेव्हा नुसती जनुकं मोजून भागणार नाही. काही उंदरांत वाय-२ रिसेप्टर अडवून बघ. फिटची तीव्रता सांगणाऱ्या रेसीनच्या पायऱ्या नोंदताना कुठला पिंजरा कुठल्या गटाचा हे तुला माहीत नसावं. चिठ्ठ्या दुसऱ्या कुणाला तरी लावायला सांग. वहीत फिटच्या सुरुवातीची वेळ तू लिहितेसच, शेवटचीही लिही. आणि ठरलेल्या मिनिटाला फिट थांबवणारं डायझेपाम दे. आणखी थोडी माहिती मिळेल या लोभाने मुक्या जनावराला झटक्यांत ठेवू नकोस.

पुढच्या वेळी आलेख नको, वहीची पानं पाठव.

तुझा,
मामा